मामंजींची कॅप्सूल आणि अर्जुनाची साल



गेल्या चातुर्मासात आमच्या मामंजींनी हृदयाचं एक औषध कुणालाही न सांगता बंद केलं. कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. माहिती खरीच होती. त्याऐवजी ते अर्जुनसादड्याच्या सालीचा काढा घेऊ लागले. "आपल्या आचार्यांनी हेच सांगितलंय," असं म्हणायचे. दशलक्षण पर्वात एका पहाटे त्यांना धाप लागली, पायावर सूज दिसली आणि दवाखाना गाठावा लागला.

ते घरी परतल्यावर मी ठरवलं, आपल्या आचार्यांनी नक्की काय सांगितलंय ते एकदा पाहायचंच.

आपल्या परंपरेतला वैद्यकाचा मोठा उपलब्ध ग्रंथ म्हणजे उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक'. काळ नवव्या शतकाचा, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा. आचार्यांचे गुरू श्रीनंदी. वैद्यकाचं मूळ ते प्राणावाय पूर्वात सांगतात आणि पूज्यपाद, समंतभद्र अशा आधीच्या आचार्यांची नावं आदराने घेतात. हा ग्रंथ १९४० साली आपल्या सोलापुरातूनच छापून निघाला. संपादक होते वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री.

यातला शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. राजाच्या सभेत पुष्कळ वैद्य जमलेले असताना, औषध म्हणून मांसाची गरज नाही, हे आचार्यांनी युक्तिवाद करून मांडलं. त्या काळच्या वैद्यकात मांसरस सर्रास चालत असे. आचार्यांनी त्यामुळे वैद्यकच टाकून दिलं नाही, आणि रोग्याला "औषध सोड" असंही म्हटलं नाही. मांसावाचून रोगी कसा बरा होईल, याचा मार्ग त्यांनी शोधला. मामंजींची चूक कुठे झाली ते मला इथे कळलं.

आता अर्जुनाकडे येऊ. चरकसंहितेत हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर आणि मनाला रुचणाऱ्या, दहा द्रव्यांचा गट आहे. तो वाचून मला आपलं फडताळच आठवलं: आंबा, आंबाडा, लकुच, करवंद, वृक्षाम्ल म्हणजे आपलं कोकम, अम्लवेतस, दोन जातींची बोरं, डाळिंब आणि महाळुंग. सगळी आंबट फळं! आमटीत चिंचेऐवजी आमसूल टाकताना आता मला चरक आठवतात. पण या दहांत अर्जुन नाही. चरकांनी त्याला अंगावर उठणाऱ्या पित्तावरच्या गटात घातलंय.

अर्जुनाचं हृदयाशी नातं पुढच्या ग्रंथांत पक्कं झालं. अकराव्या शतकात बंगालच्या चक्रपाणिदत्तांनी हृदयरोगावर अर्जुनसालीचं चूर्ण तुपाबरोबर, दुधाबरोबर किंवा गुळाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितलं. बघा, तिन्हींत मध नाही, म्हणजे आपल्याला काही बदलायलाही नको. क्षीरपाकाचं शास्त्रातलं प्रमाणही सोपं आहे: चूर्ण एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं आणि गाळून घ्यायचं. सूर्यास्ताआधी घेणाऱ्यांनी दुपारीच चढवावं, आटायला वेळ लागतो.

आधुनिक डॉक्टरांनीही अर्जुन तपासला आहे. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय फार थकलेल्या १२ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला अर्जुन दिल्यावर त्यांना आराम पडला होता. पुढच्या एका अधिक काटेकोर चाचणीत मात्र हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद वाढलेली दिसली नाही. आणि इंदूरमध्येही नेहमीची औषधं चालूच होती, थांबवलेली नव्हती.

वनस्पतीला कमी लेखण्याचं कारण नाही. सर्पगंधेचं उदाहरण घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन रक्तदाब मोजला आणि १९४९ साली निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. मग जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच रेसर्पिनने काही रुग्णांना खोल उदासीनता येते, हेही पुढे दिसलं. झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं.

सर्पगंधेची आणखी एक गोष्ट मनाला लागते. तिचं औषध मुळात असतं. मूळ काढलं की झाड गेलं. मागणी इतकी वाढली की तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालावे लागले. अर्जुनाचं तसं नाही. एका बाजूची साल बेताने काढली तर ती पुन्हा भरून येते, पण खोडाभोवती पूर्ण वलय सोललं तर झाड वाळतं. मंदिराच्या भिंतीवर षट्लेश्यांचं चित्र आपण लहानपणापासून बघतो: कुणी जांभळाचं झाडच तोडायला निघालाय, कुणी फांदी, कुणी घोस, आणि शेवटचा खाली पडलेलं फळ उचलतोय. चूर्णाची पुडी विकत घेतानाही हे चित्र आपल्याला लागू आहे.

मामंजींचं पुढे काय झालं? मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "आधी बोलला असतात तर?" एवढंच म्हणाले. तेच औषध त्यांनी गोळीत लिहून दिलं. काही औषधांना सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतीजन्य कॅप्सूलही मिळते. अर्जुनाबद्दल विचारलं तेव्हा चालू औषधं पाहून, प्रमाण ठरवून, दिवसातून एकदा घ्यायला परवानगी दिली.

मैत्रिणींनो, आपल्या घरातली वडीलधारी माणसं धर्माच्या संकोचाने कितीतरी गोष्टी बोलत नाहीत. आज संध्याकाळी त्यांच्या औषधांचा डबा एकदा उघडून बघा. कोणती गोळी शिल्लक राहतेय, का राहतेय, ते प्रेमाने विचारा. मग चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे तुम्हीच जा आणि पर्याय मागा. मार्ग निघतो. आचार्यांनी तो भर राजसभेत काढला होता, आपल्याला तर फक्त दवाखान्यात बोलायचंय.

जय जिनेंद्र.