लेखणीचे पाते की योद्ध्याचे? : घडीच्या चाकूचा इतिहास आणि खानदेश

प्रस्तावना

खिशात मावणारा घडीचा चाकू ही इतिहासलेखनात क्वचितच स्थान मिळालेली वस्तू होय. तलवार, भाला व तोफ यांचा इतिहास विपुल लिहिला गेला; परंतु माणसाच्या रोजच्या वापरातील लहान पात्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. अलीकडे जपानी चित्राकृतींनी सजविलेले घडीचे चाकू घरपोच विक्रीच्या व्यवस्थेमुळे जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतही सहज मागविता येतात. मुठीवर सामुराई, ड्रॅगन, चेरीचा मोहोर किंवा होकुसाईच्या चित्रातील उसळती लाट अशी सजावट असलेला हा चाकू एका प्राचीन योद्धा-परंपरेचा वारस म्हणून मिरविला जातो. हा दावा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, आणि खानदेशच्या अनुभवाशी त्याचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बोरू आणि कलमतराश

मराठीतील ‘चाकू’ हा शब्द फारसीतून आला, तर ‘सुरी’ हा शब्द संस्कृत परंपरेतील आहे. या दोहोंच्या जोडीला दफ्तरी व्यवहारात आणखी एक फारसी शब्द होता, तो म्हणजे ‘कलमतराश’. अर्थात लेखणी तासण्याचे पाते. बोरूचे टोक सतत लिहिण्याने बोथट होते व फिसकटते. ते तिरपे कापून मध्ये बारीक चीर द्यावी लागते. अक्षराची जाडी आणि वळण या कापावर अवलंबून असते. त्यामुळे कुलकर्णी, कारकून वा चिटणीस यांच्यापाशी दौतीइतकेच हे लहान पातेही आवश्यक होते. मोगल व दख्खनी दरबारांत कलमतराशाच्या मुठी हस्तिदंताने आणि सोन्याच्या तारकामाने सजवीत. म्हणजेच सजविलेले लहान पाते ही या भूमीला परकी कल्पना नव्हती; मात्र ती सजावट लेखणीच्या प्रतिष्ठेची होती, युद्धाची नव्हे.

या दृष्टीने धुळे शहराचे महत्त्व विशेष आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि त्यानंतर लगेच, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जमविलेल्या कागदपत्रांचा आशय अभ्यासकांनी तपासला. पण मोडी कागदावरील प्रत्येक रेघ हा एका पात्याने दिलेल्या कापाचाही पुरावा आहे, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही.

१८७६ आणि १८७८ : दोन निःशस्त्रीकरणे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने जपान व भारत या दोन्ही देशांत शस्त्र बाळगण्यावर निर्णायक बंधने आली. २८ मार्च १८७६ रोजी मेइजी शासनाने ‘हाइतोरेई’ नावाचा आदेश काढून सैनिक, पोलीस व औपचारिक वेशातील अधिकारी वगळता इतरांना उघडपणे तलवार बाळगण्यास मनाई केली. कमरेच्या तलवारींवरून ओळखला जाणारा सामुराई वर्ग त्या चिन्हाला मुकला. तलवारी घडविणाऱ्या अनेक कारागिरांना स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि अवजारे यांकडे वळावे लागले.

भारतात १८५७ च्या उठावानंतर १८५७ व १८६० मध्ये शस्त्रविषयक कायदे झाले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. या कायद्यातील ‘शस्त्र’ या संज्ञेत बंदूक, तलवार, कट्यार व भाला यांच्यासमवेत धनुष्यबाणाचाही समावेश होता. युरोपियनांना परवान्यातून सूट होती. या उणिवेविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला.

खानदेशात या व्याख्येला वेगळा अर्थ होता. सातपुड्यातील भिल्लांचा तीरकामठा हे शिकारीचे, संरक्षणाचे आणि अस्मितेचेही साधन होते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तेव्हा त्याच समाजाच्या हाती सरकारने आपले शस्त्र दिले. पुढे १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यात उठाव झाला. एकाच समाजाच्या हातातील एक हत्यार राज्याला मान्य आणि दुसरे अमान्य, अशी ही स्थिती होती. शस्त्र कोणते हे हत्याराच्या धारेवरून नव्हे, तर सत्तेच्या गरजेवरून ठरत असल्याचे यावरून दिसून येते.

मिकीचा चाकू

जपानचा सर्वाधिक प्रसिद्ध घडीचा चाकू ‘हिगोनोकामी’ हा तलवारबंदीनंतर, १८९० च्या दशकात जन्मास आला. त्याचे स्थान ह्योगो प्रांतातील मिकी हे सुतारकामाच्या अवजारांसाठी विख्यात असलेले गाव होय. दुमडलेल्या पत्र्याची वा पितळेची मूठ, एका खिळ्यावर फिरणारे पाते आणि पात्यामागे निघालेली लहान शेपटी एवढीच त्याची रचना. त्यात खटका नाही, कुलूपही नाही. काम करताना शेपटीवर अंगठा दाबून पाते स्थिर ठेवावे लागते. ‘हिगोनोकामी’ म्हणजे हिगो प्रांताचा अधिपती. हिगो हे आजच्या कुमामोतोचे जुने नाव. सरदारी पदवीची ही अक्षरे मुठीवर उमटविलेली असत आणि तीच त्याची सजावट. प्रत्यक्षात मात्र हा चाकू शाळकरी मुलांच्या खिशात असे आणि त्याचे मुख्य काम पेन्सिलीला टोक काढणे हे होते. बोरू तासणारे पाते आणि पेन्सिल तासणारे पाते यांचे नाते येथे स्पष्ट होते.

मिकीच्या आग्नेयेस कोबे बंदर आहे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने मुंबई-कोबे जलमार्ग सुरू केला, तो मुख्यतः भारतीय कापसासाठी. आखूड धाग्याच्या भारतीय कापसाचा जपान हा मोठा ग्राहक बनला. कापूस हेच मुख्य नगदी पीक असलेल्या खानदेशचे भाव अशा दूरच्या बाजारपेठांशी जोडले गेले. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला आणि १९३४ च्या व्यापार कराराने तो प्रश्न मिटला. तात्पर्य, जपानशी या भूभागाचा ऐतिहासिक संबंध सामुराईच्या चित्रांतून नव्हे, तर कापसाच्या गाठींतून घडला.

हिगोनोकामीचा ऱ्हासही बोधप्रद आहे. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोतील सभेत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची एका सतरा वर्षांच्या तरुणाने आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हाती पाते देऊ नये, अशी चळवळ जपानभर पसरली. पेन्सिलीला टोक काढणारी यंत्रे आली आणि हा चाकू शाळेतून हद्दपार झाला. गुन्हा एका प्रकारच्या पात्याने घडला आणि दूर केले गेले ते दुसरेच पाते.

हेतूची कसोटी

स्वतंत्र भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली. १९६२ च्या नियमांनी ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्यांचा धारदार शस्त्रांत समावेश केला. मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली पाती वगळली. केळीचा घड उतरविणाऱ्या मजुराचा कोयता या अपवादामुळेच शेतीचे अवजार ठरतो. दुसरीकडे, १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजेच आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ३७ नुसार जिल्हादंडाधिकारी प्रतिबंधात्मक आदेश काढू शकतात. त्या कलमात काठी-लाठीबरोबर चाकूचाही स्पष्ट उल्लेख आहे. अशा काळात खिशातील लहान पातेही संशयास पात्र ठरते.

येथेच सजावटीचा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा राहत नाही. कायदा हेतू पाहतो आणि सजावट हेतूविषयी काही सांगत असते. कोयत्याची झिजलेली मूठ कामाची साक्ष देते. सामुराईचे चित्र युद्धाची आठवण जागवते. ती आठवणही उसनी आहे. अशा चाकूंवर आढळणारे कोनाकृती टोकाचे ‘तांतो’ पाते त्या रूपात १९८० च्या दशकात अमेरिकी चाकू-उद्योगाने लोकप्रिय केले. ज्या तरुणाला तो चाकू केवळ शोभेची वस्तू वाटतो, त्याला चौकशीच्या प्रसंगी या उसन्या आठवणीचे उत्तर द्यावे लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, घडीचा चाकू हा जपानमध्ये तलवारीचा वारस नसून तलवारीच्या अस्तानंतर उदयास आलेले विद्यार्थ्याचे साधन होता. आणि आपल्याकडील लहान पात्याची प्रतिष्ठित परंपरा लेखणीशी निगडित होती. शस्त्र आणि साधन यांतील सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही; ती वेळोवेळी राज्यसंस्थेने आखली आणि तिची सर्वाधिक किंमत तीरकामठा बाळगणाऱ्या भिल्लासारख्या दुर्बल घटकांना मोजावी लागली. धुळ्यातील दफ्तरांत बोरूच्या कापाच्या खुणा आजही वाचता येतात. विद्यार्थ्यांना पात्याचा इतिहास शिकवावयाचा झाल्यास त्याचा आरंभ रणांगणापासून न करता या कागदांपासून करणे अधिक सयुक्तिक ठरेल.