धमगुताची सही

बँकेच्या प्रवास सवलतीवर आम्ही सांचीला जाऊन आलो. इतरांना तिथे शांती दिसते. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला देणगीदार दिसले. स्तूपाच्या कठड्यावर, दगडादगडावर दात्यांची नावं. शेकड्यांनी! देवळाच्या पंख्याच्या पात्यावर स्वतःचं नाव रंगवून घेणारे आपले लोक तसे अलीकडचेच म्हणायचे.

"एवढं लांब येऊन तुम्ही पावत्याच वाचताय?" सौ. म्हणाली. मी मुकाट्याने स्तूपाला प्रदक्षिणा घातली.

परत आल्यावर ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, "त्यासाठी तिकडं कशाला गेलास? आपल्या कोल्हापुरात बी स्तूप हुता की!" आता जगात जे जे आहे ते ते कोल्हापुरात आहेच, हा आमचा जुना दावा. मी हसून सोडून दिलं. पण वाचनालयात शोधलं तर गडी खरं बोलत होता. एकोणिसाव्या शतकात शहरात स्तूपाचे अवशेष निघाले. त्यात एक दगडी करंडा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत एवढंच, की हे दान बम्हाचं, करवून घेतलं धमगुताने.

तारीख नाही, रक्कम नाही. आमच्या बँकेत असलं व्हाउचर काउंटरवरूनच परत गेलं असतं.

त्या काळच्या लोकांना हिशेब येत नव्हता, असं मात्र कुणी म्हणू नये. नाशकाच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. 2,000 दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1,000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण, वस्त्रांसाठी. मी जेवता जेवता गणित करून पाहिलं. 2,000 चे वर्षाला 240, आणि वीस बारे 240. पैचाही फरक नाही! आनंदाने मी पांढरा रस्सा दोनदा घेतला.

रविवारी सौ.ला घेऊन ब्रह्मपुरीवर गेलो. पंचगंगेच्या घाटावर जन्मभर डुबक्या मारल्या, पण शेजारची ही टेकडी कधी नीट पाहिली नव्हती. 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथे खणलं, तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. इथेच मिळालेला ग्रीक समुद्रदेव पोसायडन आता टाऊन हॉलच्या संग्रहालयात उभा आहे, ब्राँझचा. म्हणजे धमगुताच्या नंतरच्या त्या गावाचे धागे समुद्रापार पोचले होते. आणि मी स्तूप पाहायला रेल्वेने सांचीला!

"काय बघताय हितं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"जुनं गाव."

"नवं बघा की, तिकडं खाली हाय."

सौ. हसली. मी तिला धमगुताचं सांगितलं. दात्याचं नाव दगडावर येतं, त्यात नवल नाही, पैसा त्याचा. पण पाथरवटाकडे खेटे कुणी घातले, झाकण नीट बसतं का हे वाकून कुणी पाहिलं? माझ्या हिशेबी ते धमगुताने. माझ्या जातीचा माणूस! पंचवीस वर्षं मी लोकांच्या पैशाच्या कागदांवर आद्याक्षरं खरडतोय. चूक निघाली तरच ती कुणी वाचतं. याचं नाव मात्र दोन हजार वर्षांनी वाचलं गेलं, तेही चूक न निघता.

सौ. जरा वेळाने म्हणाली, "मग तुम्ही पण जरा नीट सही करत जा. वाण्यालासुद्धा तुमचा चेक वाचता येत नाही."

सोमवारी पहिल्याच पावतीवर मी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. साहेबांनी कागद उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय हो, बदलीचा अर्ज करताय काय?"