लाटांच्या कोष्टकात न बसणारा बँड

स्का संगीताचा इतिहास तीन लाटांत सांगायची पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यावर कोणी शंका घेत नाही. पहिली लाट जमैकात, 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात. दुसरी इंग्लंडमध्ये, 1979 साली जेरी डॅमर्सने कॉव्हेंट्रीत सुरू केलेल्या टू टोन लेबलाबरोबर. तिसरी अमेरिकेत, 1990 च्या दशकात, नो डाउट आणि मायटी मायटी बॉसटोन्सचे आल्बम धडाक्यात खपले तेव्हा. मधली वर्षं सामसूम. या मताला जोडून दुसरंही एक येतं: स्वतंत्र लेबल म्हणजे मोठ्या कंपनीच्या दाराबाहेरची रांग, आणि ज्यांना आत प्रवेश मिळाला नाही ते तिथेच राहिले.

न्यूयॉर्कच्या ‘द टोस्टर्स’ची कारकीर्द समोर ठेवली, तर यातलं एकही मत टिकत नाही.

रॉबर्ट हिंगली हा इंग्रज तरुण फॉरबिडन प्लॅनेट या कॉमिक्सच्या दुकानाच्या कामासाठी न्यूयॉर्कला आला आणि 1981 साली त्याने हा बँड उभा केला. हे साल महत्त्वाचं आहे. टू टोनचा अग्रणी बँड द स्पेशल्स त्याच वर्षी फुटला. त्यांचं ‘घोस्ट टाउन’ तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे कोष्टकाप्रमाणे 1981 ला ओहोटी लागलेली, आणि पुढची भरती दशकभर लांब. त्या ओहोटीत काय घडलं? 1983 साली हिंगलीने मून हे स्वतःचं लेबल काढलं. 1985 साली टोस्टर्सचं ‘रिक्रिमिनेशन्स’ आलं. त्याची निर्मिती गायक-संगीतकार जो जॅक्सनने टोपणनावाने केली होती. 1987 साली ‘स्काबूम’ आला. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र दशकाच्या मध्याला मूनने काढलेला ‘न्यूयॉर्क बीट: हिट अँड रन’ हा संग्रह. संग्रह एका बँडचा होत नाही. त्याला गावात अनेक बँड लागतात, त्यांना वाजवू देणारे क्लब लागतात, तिकीट काढून येणारी माणसं लागतात. सामसुमीत हे सगळं कुठून आलं?

न्यायशास्त्राच्या भाषेत इथे हेतू सव्यभिचारी ठरतो. ‘खपाच्या याद्यांत नाही, म्हणून संगीत नाही’ असं हे अनुमान आहे. टोस्टर्सच्या ठायी हेतू, म्हणजे याद्यांत नसणं, पुरेपूर सापडतो; साध्य, म्हणजे संगीत नसणं, मात्र सापडत नाही. लाट ही खरी गोष्ट आहे, पण ती रेकॉर्डच्या धंद्याची. त्या धंद्याचा आलेख संगीताचा इतिहास म्हणून वाचला गेला, ही मूळ चूक.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मी टाळत नाही. मून लेबल 1990 च्या दशकात वाढलं, न्यूयॉर्कमध्ये त्याचं दुकान झालं, देशभरच्या बँडना त्याने जागा दिली. आणि बाजार कोसळल्यावर 2000 साली ते बंद पडलं. मग स्वतंत्र लेबलही लाटेवरच जगत होतं की! हो, लेबल जगत होतं. बँड नाही. मून बुडाल्यावरही टोस्टर्स गाडीत वाद्यं भरून गावोगाव वाजवत राहिले. हिंगलीने पुढे मेगालिथ हे दुसरं लेबल काढलं, 2007 साली ‘वन मोअर बुलेट’ हा आल्बम आला, आणि चाळीस वर्षं उलटल्यावरही दौरे चालूच राहिले. जे विक्रीच्या आकारावर बेतलं होतं ते विक्रीबरोबर गेलं. जे कार्यक्रमाच्या बिदागीवर उभं होतं ते उरलं. मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा करार संपला म्हणून मोडायला या बँडकडे तसा करारच नव्हता. म्हणून स्वतंत्र राहणं ही यांची हुकलेली संधी नव्हती, टिकण्याचं कारण होतं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप असा की, हिंगली वगळता सारे वादक बदलत गेले, मग बँड एकच कसा? भजनी मंडळातला पखवाजवाला बदलला म्हणून मंडळ नवं होत नाही. चाली आणि वाजवण्याची रीत पुढच्याच्या हाती जाते. इथेही तेच झालं. टोस्टर्समध्ये घडलेल्या वादकांनी 1994 साली न्यूयॉर्क स्का-जॅझ एन्सेम्बल उभं केलं. 1991 साली निघालेल्या द स्लॅकर्स या बँडचा पहिला आल्बम मूननेच काढला, आणि तेही दशकांमागून दशकं वाजवत आले आहेत.

लाटांच्या या मांडणीने सर्वांत मोठा अन्याय केला तो जमैकन वादकांवर. पहिल्या लाटेचे मानकरी म्हणून त्यांना 1960 च्या दशकातच हार घालून निरोप दिला जातो. त्यांच्यातला द स्कॅटलाइट्स हा बँड घ्या. ते 1965 साली विखुरले हे खरं, पण 1983 साली ते पुन्हा एकत्र आले आणि पुढे अमेरिकेत व जगभर वाजवत राहिले. 1990 च्या दशकात त्यांच्या आल्बमना ग्रॅमीची नामांकनंही मिळाली. त्यांचा सॅक्सोफोनवादक रोलंड अल्फान्सो नोव्हेंबर 1998 मध्ये लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळला आणि काही दिवसांत गेला. तिसरी लाट ओसरल्याचं साल म्हणून बहुतेक जण याच सुमाराचं साल सांगतात. त्या मंचावर ‘पहिल्या लाटेतला’ माणूस तेव्हाही स्का वाजवत होता. टोस्टर्ससारखे बँड याच लोकांचे समकालीन होते, त्याच शहरांतून, त्याच क्लबांतून फिरणारे. त्यांना तिसऱ्या क्रमांकाच्या खणात टाकणाऱ्या इतिहासाला हे समकालीनत्व सांगताच येत नाही.