सही माझीच हाय, पण हे मी म्हणलोच न्हवतो

मंडळी, १ मेची ग्रामसभा तोंडावर आलीय. पोस्ट थोडी लांब आहे, पण सभेला जायच्या आधी वाचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण तसं गाव एकच नाही. गायरानातली जमीन कशाला तरी द्यायची म्हणून मोजणी आली, तेव्हा लोकांना कळलं की ग्रामसभेचा ठराव आधीच झालाय. वीस-पंचवीस माणसं तालुक्याला गेली. मीही बातमीसाठी मागोमाग गेलो. साहेबांनी फाईल उघडून ठराव दाखवला. सोबत हजेरीची पानं जोडलेली. त्यात जे तक्रार घेऊन आले होते, त्यातल्याच बऱ्याच जणांच्या सह्या. मेंढरं राखणारा एक म्हातारा कितीतरी वेळ त्या पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सही माझीच हाय. पण हे मी म्हणलोच न्हवतो."

झालं काय होतं? झेंडावंदनाला सगळे जमले होते. चॉकलेटं वाटताना रजिस्टरही फिरलं. सह्या झाल्या, माणसं घरी गेली. सभा कागदावर झाली.

त्या दिवसापासून मला या सहीच्या इतिहासाचा नाद लागला. जे वाचलं ते थोडक्यात सांगतो.

आपल्याकडं गावानं एकत्र बसून निर्णय करायची रीत जुनी आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, शिवेचे, मानपानाचे तंटे गोतसभेपुढं यायचे. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार बसायचे. दोन्ही बाजू काय म्हणतात ते लिहून घेतलं जायचं, साक्षी व्हायच्या आणि मग निकालाचा कागद तयार व्हायचा. त्याला म्हणायचे महजर. असे महजर आज छापील खंडांतून वाचायला मिळतात. सभेला कोण कोण हजर होतं त्यांची नावं त्यात असतात. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याची निशाणी काढायचा. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. अक्षर येत नव्हतं, पण आपण कशावर निशाणी करतोय ते त्या माणसाला ठाऊक होतं. आज आपल्याला अक्षर येतं, पण सही कशावर चाललीय हे ठाऊक नसतं. प्रगती कशाला म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

आता लगेच "जुनं ते सोनं" म्हणू नका. ती सभा वतनदारांची होती, गावातल्या प्रत्येकाची नव्हती. ज्याला वतन नाही त्याला आवाज नाही. बायकांचं तर बोलायलाच नको.

इंग्रज आले. १८१९ साली एल्फिन्स्टननं पेशव्यांच्या मुलखावर मोठा अहवाल लिहिला. पंचायतीचे दोष त्यानं मोजून सांगितले, पण ती ठेवावी असंही म्हटलं. पुढं कोर्टकचेऱ्या वाढल्या, सगळा कारभार मामलेदाराकडं गेला आणि गावच्या बैठकीला किंमत उरली नाही. मग १८८२ साली लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि १९२० साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा आला.

यापुढचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर १९३२. पुणे करार होऊन पंधरवडाही झाला नव्हता. मुंबईच्या कौन्सिलात ग्रामपंचायतीचं नवं बिल चर्चेला होतं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यावर बोलायला उभे राहिले. मुद्दा सरळ होता. गावात ज्यांची संख्या कमी आणि पोट दुसऱ्याच्या हातात, त्यांना नुसत्या मतानं न्याय मिळणार नाही. अस्पृश्यांना पंचायतीत राखीव जागा पाहिजेत. आणि अशा पंचांच्या हातात न्यायनिवाड्याचे अधिकार देण्याला त्यांचा विरोध होता. पुढं ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीतही त्यांनी खेडेगावाच्या गोडव्यांवर कडक टीका केली. त्याच महिन्यात २२ तारखेला ग्रामपंचायतींचं कलम घटनेत घ्यायचं ठरलं. आजचं कलम ४० ते हेच.

हे का सांगतोय? गावसभा म्हटली की आपण दोनच गोष्टी करतो. भाषणात तिला देव्हाऱ्यात बसवतो आणि एरवी तिची टिंगल करतो. बाबासाहेबांनी त्यापेक्षा कामाचा प्रश्न विचारला होता. सभेत बसणार कोण आणि बोलू शकणार कोण? नव्वद वर्षं उलटून गेली, तरी प्रश्न जुना झालेला नाही. आजही वस्तीवरचा माणूस चावडीच्या दाराशी उभा राहून सभा ऐकतो. आत जागा असते, तरी उभा राहतो.

मग आला १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. वतन नको, शिक्षण नको, कुणाची चिठ्ठी नको. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेचं नाव घटनेतच आलं.

कायद्यात आपल्या कामाचं काय आहे ते बघा. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती १ मेची. या सभेपुढं चार गोष्टी ठेवायच्या असतात. गेल्या वर्षाचा जमाखर्च. गेल्या वर्षी काय कारभार केला त्याचा अहवाल. चालू वर्षात काय कामं करणार ते. आणि लेखापरीक्षणाचा शेवटचा शेरा, त्याला दिलेल्या उत्तरासकट. म्हणजे ऑडिटवाल्यानं कुठं बोट ठेवलं आणि पंचायतीनं काय खुलासा केला, हे गावाला सांगायचं. मी इतक्या सभांना गेलो, पण हा शेरा कुणी आपणहून वाचलेला ऐकला नाही. कुणी मागितलेलाही फार ऐकला नाही.

दुसरी मेख कोरमची. सभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. नाही भरली तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! कायद्यानं ही सोय काम अडू नये म्हणून केली. आपल्याकडं काही ठिकाणी ती वाट झालीय. पहिली सभा पडू द्यायची, दुसरी चार टाळक्यांत उरकायची. घरी बसलेला माणूस म्हणतो, मी गेलोच नाही, माझा काय संबंध? बाबा, तू गेला नाहीस म्हणूनच तर ते जमलं.

तिसरी गोष्ट महिला सभेची. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. किती गावांत ती खरोखर बसते आणि किती गावांत रजिस्टर घरोघर फिरतं, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारावं.

याच कायद्याखाली वेगळं काही करून दाखवलेली गावंही महाराष्ट्रातच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. मुळात कमी पावसाचं गाव. तिथं यंदा पाऊस किती पडला, पाणी किती शिल्लक आहे, त्यात कोणतं पीक घ्यायचं, हा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी गावानंच घातली.

त्याहून पुढचं गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा. छोटंसं गोंडांचं गाव. तिथं ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते. एकाचं जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं. विषय आधी अभ्यास गटात घोळवायचा, मग सभेत आणायचा. वेळ लागतो, पण झालेला ठराव सगळ्यांना तोंडपाठ असतो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. गाव मागं हटलं नाही. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. म्हणजे जंगलातला माल बाहेर काढायला गावाचीच सही चालायला लागली.

आता ही दोन पानं शेजारी ठेवा. एक सही मेंढ्याची, एक त्या मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्याची. कायदा दोघांच्याही ग्रामसभेला मानतो. फरक एवढाच की एका ठिकाणी आधी बोलणं झालं, मग सही. दुसरीकडं सही आधी झाली आणि बोलायचं राहूनच गेलं.

म्हणून येत्या सभेला एवढंच करा. झेंड्याखाली फिरणाऱ्या रजिस्टरवर घाईनं सही करू नका, सभेत बसून करा. उभं राहून म्हणा, "आधी मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचा." ऑडिटचा शेरा मागा. ठराव झाला की सूचक कोण, अनुमोदक कोण, ते मोठ्यानं वाचायला सांगा. पानावर कोरी जागा राहिली तर तिथं रेघ मारायला लावा. पुढच्या आठवड्यात ठरावाची नक्कल घ्या. यात कुणाशी भांडण नाही. सरपंच आपलाच, ग्रामपंचायत अधिकारी आपलाच. नीट काम करणाऱ्या सरपंचाला तर याचा आधारच होतो.

आणि हो, एकदा तंटामुक्तीचा अध्यक्ष निवडताना खुर्च्या फेकलेल्या मी बघितल्यात. तेवढं सोडून बाकी सगळं करा.

तो म्हातारा आता नाही. गायरानाचं पुढं काय झालं, ते त्या गावाला माहीत आहे. त्याचं वाक्य मात्र प्रत्येक ग्रामसभेला मला आठवतं. तुमच्या नातवाला ते म्हणायची वेळ येऊ नये.

तुमच्या गावात मागच्या ग्रामसभेत प्रोसिडिंग वाचलं होतं का? गावाच्या नावासकट खाली लिहा. वाचलं असेल तर आवर्जून लिहा, चांगलंही कळलं पाहिजे.