विक्रांत गेली, विमानं राहिली

परवा शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचा नेहमीचा कंपू जमला होता. एका मित्राने सेकंडहँड बजाज व्ही घेतली, म्हणून त्याच्याकडून पार्टी उकळायचा कार्यक्रम चालू होता. टाकीवर थाप मारून पठ्ठ्या म्हणतो, "अरे, हिच्यात विक्रांत आहे!"

म्हणाला ते खरंच. बजाजने २०१६ मध्ये ही बाईक आणली तेव्हा आयएनएस विक्रांतच्या भंगारातलं पोलाद तिच्यात वापरल्याची जाहिरात जोरात झाली होती. सगळे हसले, मीही हसलो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. कारण विक्रांत मी आतून पाहिली आहे.

तिची निवृत्ती ३१ जानेवारी १९९७ ची आणि माझा जन्मही त्याच वर्षीचा. नौदलाने २००१ मध्ये ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली केली. मी चौथी-पाचवीत असताना बाबा मला घेऊन गेले होते. तासभर रांग, मग तो अवाढव्य हँगर आणि जाडजूड रंगाचा वास. साधारण २१३ मीटर लांबीचं जहाज! 'एवढं लोखंड तरंगतं कसं' हा प्रश्न मी बाबांना परत येताना दादरपर्यंत विचारत होतो. पुढे इंजिनिअरिंगला गेलो त्यात त्या दिवसाचा थोडा हात असावा.

पुढची कथा तुम्हाला माहीत असेलच. राज्य सरकारला संग्रहालय कायमचं चालवणारा भागीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये जहाज लोकांसाठी धोकादायक ठरवून बंद केलं. जानेवारी २०१४ मध्ये ऑनलाइन लिलावात ते सुमारे ६० कोटींना गेलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं, ऑगस्टमध्ये तिथलीही याचिका फेटाळली गेली आणि नोव्हेंबरमध्ये दारूखान्यात तोडकाम सुरू झालं.

हे सगळं मी जवळजवळ विसरलो होतो. मग मागच्या हिवाळ्यात एका मित्राच्या लग्नासाठी वास्कोला गेलो. बाकी मंडळी बोगमाळो बीचवर पसरली होती. मला उन्हात पडून राहायचा कंटाळा, म्हणून रस्त्यावरच्या नौदल विमानसंग्रहालयात शिरलो. दाबोळी विमानतळाच्या जवळच आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. जागा लहानशीच. आत इंजिनं, टॉर्पेडो, जुने फोटो. बाहेर मोकळ्या आवारात विमानं.

आणि त्यांत विक्रांतची दोन्ही लेकरं! सी हॉक आणि आलिझे.

सी हॉक हे ब्रिटिश बनावटीचं, एकाच वैमानिकाचं जेट. आपल्या आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये मावेल इतपतच वाटतं. बोटीवर जागा कमी, म्हणून पंख दुमडता येणारे. शेपटीखाली आकडा, तो डेकवरच्या तारेत अडकला की विमान थांबणार. १८ मे १९६१ रोजी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानींनी, हेच पुढे नौदलप्रमुख झाले. आलिझे फ्रेंच, पंख्याचं, तिघांचं, पाणबुड्या हुडकणारं.

आता १९७१ आठवा. विक्रांतच्या चारांपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. बॉयलर म्हणजे वाफ. वाफेवर जहाजाचा वेग आणि वाफेवरच विमान फेकणारा कॅटापुल्ट! म्हणजे तडा बॉयलरला असला तरी शंका थेट विमानांच्या उड्डाणावर. तरीही उरलेल्या तीन बॉयलरवर ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले चढवले. जहाज आणि विमान ही एकच सिस्टिम होती, हे त्या आकड्याकडे बघताना मला नीट कळलं. त्यातला अर्धा भाग आता माझ्यासमोर होता आणि अर्धा आमच्या कंपूतल्या एकाच्या बाईकमध्ये!

मग विमानं वाचली आणि जहाज का नाही? भावना कमी पडल्या म्हणून? छे. भावना तर जहाजाच्या बाजूने रग्गड होत्या. फरक रोजच्या देखभालीचा आहे. तरंगतं जहाज म्हणजे खाली खारं पाणी, आत गंज आणि ठरावीक वर्षांनी सुक्या गोदीत नेण्याचा खर्च. हे काम कायमस्वरूपी कोणाचं, हे शेवटपर्यंत ठरलंच नाही. न्यूयॉर्कला इंट्रेपिड ही विमानवाहू नौका १९८२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे, म्हणजे अशक्य काही नव्हतं. गोव्यात मात्र विमानांना मालक आहे. शेजारी नौदलाचा हंसा तळ, आणि संग्रहालयही नौदलाचंच. मी गेलो तेव्हा एक माणूस रंगाचा डबा घेऊन एका विमानाच्या चाकांपाशी उकिडवा बसला होता. तिथेही खारा वारा आहे, कोकणातला पाऊस आहे. तो माणूस बसायचा थांबला की काय होईल, हे सांगायला नको.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. नवीन प्रोजेक्टला बजेट मिळतं, केक कापला जातो, फोटो निघतात. जुन्या सिस्टिमच्या देखभालीला माणूस मागा, सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. मीही घातलंय, खोटं कशाला बोलू? आणि मग एका रविवारी रात्री ती सिस्टिम झोपते.

नौदल गोदीच्या बाहेर २०१६ पासून विक्रांतच्याच धातूचं एक स्मारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीला नवी विक्रांतही सेवेत आली. दोन्हींचा अभिमान आहेच. पण स्मारकाच्या हँगरमध्ये उभं राहून दहा वर्षांचं पोर 'हे तरंगतं कसं' असं विचारू शकत नाही.

असो. मित्राच्या पार्टीचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे. आज सकाळी पार्कात फेरी मारताना एक माळीबुवा खेळपट्टीवर रोलर फिरवत होते. शंभरी ओलांडलेलं हे मैदान रोज कोणीतरी असं पाणी मारून, रोलर फिरवून जागेवर ठेवतं. एरवी मी कानात गाणी घालून पुढे जातो. आज दोन मिनिटं थांबून बघितलं.