अंत्यविधीविषयक इच्छा

अंत्यविधीविषयक इच्छा म्हणजे आपल्या मृत्यूनंतर देहाचे काय करावे, कोणते विधी करावेत आणि कोणते टाळावेत, यासंबंधी एखाद्या व्यक्तीने हयातीत सांगून वा लिहून ठेवलेले मत होय. रूढ दहन किंवा दफन, विद्युतदाहिनी, देहदान, विधींविना निरोप, रक्षेवर वृक्षारोपण असे अनेक पर्याय अशा इच्छेत येतात. इच्छा करणारा ती स्वतः अमलात आणू शकत नाही. ती सर्वस्वी मागे राहिलेल्यांच्या हाती असते.

== परंपरेतील विविधता ==
'परंपरागत अंत्यविधी' असा एकच प्रकार महाराष्ट्रात नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्याचा, राणीसावरगावच्या परिसराचा विचार केला तरी हे ध्यानात येते. बहुसंख्य हिंदू कुटुंबांत दहन होते, तिसऱ्या दिवशी राख सावडतात आणि रक्षा गंगाखेड येथे गोदावरीत सोडतात. लिंगायत समाजात मृतदेह बसलेल्या स्थितीत, हाती इष्टलिंग देऊन पुरतात. महानुभाव पंथीयांत भूमिडाग देतात. मुस्लिम व ख्रिस्ती समाजांत दफन आहेच. दहन करणाऱ्या घरांतही तान्ह्या मुलांना पुरण्याची रीत आहे.

== महात्मा फुले यांची इच्छा ==
जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केले. आपला देह जाळू नये, मिठात घालून राहत्या घराच्या आवारात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. निवासी वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि अखेर त्यांच्या देहाचे दहन करावे लागले. दत्तकपुत्र यशवंत यांच्या टिटवे धरण्याच्या हक्कास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी स्वतः टिटवे हाती घेऊन त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या व त्यांनीच अग्नी दिला. पुढे अस्थी वाड्याच्या आवारात ठेवण्यात आल्या. तेथे आज समाधी आहे. इच्छेचा शब्द पाळला गेला नाही. मात्र पुरोहिताविना, स्त्रीच्या हातून झालेल्या या विधीने तिचा आशय राखला, असे म्हणता येईल.

== इतर उदाहरणे ==
अगदी वेगळ्या विचारांच्या वि. दा. सावरकर यांनीही आपले दहन विद्युतदाहिनीत करावे, हरताळ पाळू नये, पिंडदान व काकस्पर्श यांसारखे विधी करू नयेत, असे लिहून ठेवले होते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले व मुंबईतील चंदनवाडी येथे विद्युतदाहिनीत दहन झाले. तेव्हाच्या परभणी (आता हिंगोली) जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेले नानाजी देशमुख २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे निवर्तले. त्यांच्या पूर्वसंकल्पानुसार देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला.

== देहदान ==
देहदान व अवयवदान यांत नेहमी गल्लत होते. अवयवदानाचा विषय १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली येतो. मृत्यूनंतरच्या दानात मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव मुख्यतः मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाकडून रुग्णालयातच घेतले जातात. देहदानात संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागास अध्यापनासाठी मिळतो. महाराष्ट्रात त्याला १९४९ च्या, मूळ मुंबई प्रांताच्या, शरीररचनाशास्त्रविषयक कायद्याचा आधार आहे. घरी मृत्यू आला तरी नेत्रदान सुमारे सहा तासांच्या आत करता येते आणि त्यानंतर देहदानही होऊ शकते.

इच्छुकाने महाविद्यालयाचा अर्ज भरून जवळच्या नातेवाइकांच्या साक्षीदार म्हणून सह्या घ्याव्या लागतात. मृत्यूनंतर देह लवकरात लवकर पोहोचवावा लागतो. सोबत डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हवा. शवविच्छेदन झालेला देह, अपघाती वा संशयास्पद मृत्यू, तसेच काही संसर्गजन्य आजार असल्यास देह स्वीकारला जात नाही. म्हणून अर्ज भरलेल्यांनीही दुसरा पर्याय घरी सांगून ठेवणे इष्ट. मराठवाड्यात नांदेड, अंबाजोगाई, लातूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

अर्ज भरला म्हणजे देहदान झाले, असे नव्हे. मुलांनी, भावांनी नकार दिला तर महाविद्यालय आग्रह धरत नाही. मृत्युपत्रातील तरतुदीवरही विसंबता येत नाही, कारण मृत्युपत्र हा मुख्यतः मालमत्तेचा दस्तऐवज असून बहुतेक घरांत तो तेराव्यानंतरच उघडला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलेले, जीवरक्षक उपचार नाकारण्यासंबंधीचे आगाऊ इच्छापत्र मरणापूर्वीच्या उपचारांपुरते आहे. अंत्यविधीशी त्याचा संबंध नाही.

== दहनाचे बदलते प्रकार ==
लाकडाच्या एका चितेस साधारणतः ३०० किलो वा अधिक लाकूड लागते. शहरांत विद्युत व गॅस दाहिन्या आल्या. खेड्यांत गोवऱ्या किंवा शेतातील काडीकचऱ्याच्या दाबविटा हा पर्याय आहे. रक्षा नदीत न सोडता शेतात पसरून त्यावर आंबा, वड वा पिंपळ लावणारी कुटुंबेही आता ठिकठिकाणी आढळतात.

मुंबईच्या पारशी समाजात बदलाचे कारण निराळे होते. डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधामुळे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली आणि डुंगरवाडीतील दखम्यांचा मूळ उपयोगच खुंटला. दहन पत्करणाऱ्या पारशांसाठी वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ मध्ये प्रार्थनागृह सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांचे दहन वरळीतच झाले.

== मागे राहणाऱ्यांसंबंधीची इच्छा ==
अंत्यविधीच्या वेळी पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा विधीइतक्याच घट्ट रुजलेल्या आहेत. 'माझ्यामागे हे करू नये' असे नवऱ्याने लिहून ठेवणे ही देहाच्या विल्हेवाटीइतकीच महत्त्वाची इच्छा होय. तिला ना महाविद्यालय लागते ना दाहिनी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले.