पाण्याखालची हिरवळ : काचपेटीपासून नाथसागरापर्यंत

घरातील मत्स्यपेटीच्या तळाशी हिरवळ पसरवण्याचा छंद वरवर पाहता निव्वळ सजावटीचा वाटतो. सुपीक मातीचा थर, त्यात दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर रोवलेल्या रोपांच्या जुड्या, भरपूर उजेड आणि पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू एवढी सामग्री जुळली, की काही आठवड्यांत जुड्या एकमेकींना भिडतात आणि तळाशी गालिचा तयार होतो. बाजारात ‘हेअरग्रास’ म्हणून मिळणारे हे गवत शास्त्रीय अर्थाने गवत नव्हेच. ते लव्हाळ्याच्या कुळातले. तुकोबांमुळे मराठी मनाला परिचित असलेल्या लव्हाळ्याचा हा बुटका भाऊबंद धावत्या खोडांनी पसरत जातो. या छंदाचा उगम मात्र सजावटीत नाही, तो रसायनशास्त्रात आहे.

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. पाण्याच्या टाकीत त्यांनी दोन सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची वनस्पती ठेवली होती. वनस्पतीने प्राणवायू पुरवावा आणि पाणी न बदलता मासे जगावेत, ही कल्पना. पण कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा वॉरिंग्टन यांनी ती पाने खाणाऱ्या गोगलगायी टाकीत सोडल्या आणि समतोल साधला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि प्रयोगाचा छंद झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी त्या छंदाला निसर्गचित्राची शिस्त दिली. बुटक्या वनस्पतींचा गालिचा पुढे आला, वॅलिस्नेरियासारख्या उंच वनस्पती मागे गेल्या. मासे या चित्रात जवळजवळ दुय्यम ठरले.

हीच वॅलिस्नेरिया आपल्याकडे कुठे आहे, असे विचारले तर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्वेकडे जावे लागते. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची भिंत पैठणला असली, तरी अडलेले पाणी शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत दूरवर पसरले. पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरणारा हा नाथसागर विस्ताराच्या मानाने उथळ आहे. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. आणि तळ होता नदीकाठच्या काळ्या कसदार जमिनीचा. छंदी माणूस जी माती आणि जो उजेड पैसे मोजून आणतो, ती इथे आयतीच होती. हायड्रिला, पोटॅमोजेटॉन, वॅलिस्नेरिया अशा वनस्पती या पाण्यात रुजल्या. त्यांच्यामागोमाग पाणपक्षी आले. वारकरी या नावाने ओळखला जाणारा काळा पक्षी तर या पाणवनस्पतींवरच चरतो. १९८६ साली जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

या हिरवळीचे कौतुक करताना ती कुणाच्या शेतावर उगवली, हे विसरता येत नाही. ज्या रानात ज्वारी-बाजरी डोलत होती, ते रान पाण्याखाली गेले आणि गावे उठली. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की उघड्या पडलेल्या गाळावर आजही गाळपेर होते. वर्षाचे काही महिने पाणवनस्पती आणि काही महिने पीक, असा या जमिनीचा दुहेरी संसार आहे. मत्स्यपेटीतली हिरवळ कात्रीने छाटावी लागते. इथे ते काम पक्षी आणि ओहोटणारे पाणी करतात.

आपण मात्र पाण्यातल्या प्रत्येक हिरव्या वस्तूला ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. मुळे धरून वाढणारी वनस्पती आणि पाणी हिरवेगार करून टाकणारे सूक्ष्म शैवाल यांत आपली भाषा फरक करीत नाही. वस्तुतः ती दोघे प्रतिस्पर्धी आहेत. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडले, की उथळ तळ्याच्या दोन स्थिर अवस्था संभवतात : वनस्पतींनी भरलेले नितळ पाणी किंवा शैवालाने भरलेले गढूळ पाणी. वनस्पती गाळ धरून ठेवतात, पोषकद्रव्ये शोषतात आणि शैवाल खाणाऱ्या सूक्ष्म जीवांना आसरा देतात. पोषकद्रव्ये मर्यादेपलीकडे वाढली, की तळे दुसऱ्या अवस्थेकडे ढळते, आणि मग केवळ खत कमी केल्याने ते सहजासहजी परतत नाही. टाकीत नको तितके खत घालणाऱ्या हौशी माणसाला याचा अनुभव आठवड्याभरात येतो.

नाथसागराच्या वरच्या अंगाला प्रवरेचे खोरे आहे. उसाचे, साखर कारखान्यांचे आणि वाढत्या गावांचे. त्या शेतांतले खत आणि त्या गावांचे सांडपाणी यांची वाट उताराने प्रवरासंगमाकडेच जाते. काचपेटीतले पाणी बिघडले तर ते ओतून देता येते. पैठणच्या भिंतीमागचे पाणी मराठवाडा पितो. तिथे हिरवळ पाण्याची शोभा नाही, पाण्याच्या निर्मळपणाची राखणदार आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका टाकीत दोन सोनमाशांनी आणि काही गोगलगायींनी शिकवलेला धडा एवढाच आहे, की निर्मळ पाण्यामुळे वनस्पती वाढतात हे अर्धेच सत्य. वनस्पतींमुळे पाणी निर्मळ राहते हे उरलेले अर्धे.